ताईच्या गाण्यावरचा शेरा

नको, खुर्ची नको, बाई, मी उभाच बरा. आणि ते कपाट उघडू नका, फी परत मागायला नाही आलोय. आभार मानायला आलोय! काय सुंदर शेरा लिहिलात ताईच्या गाण्यावर — 'मंचावरचा वावर आत्मविश्वासपूर्ण. सूर पक्के. श्वासावर अजून मेहनत घ्यावी.' मी शाळेत फारसा टिकलो नाही, पण एवढं अक्षर लावून वाचता येतं मला. आईनं तर परत परत वाचायला लावलं. आता अडचण एवढीच, की तुमचा कार्यक्रम शनिवारी झाला आणि ताई बुधवारीच गेली. न्यूमोनियानं. मग शनिवारी मंचावर वावरलं कोण? — हो हो, कळलं, शेरे आधीच लिहून ठेवता, पालकांना घाई असते. असणारच! शेजारच्या गिटारवाल्या पोरानं ती चिठ्ठी घरी आणून दिली ना, त्यालाही श्वासावरच मेहनत घ्यायला सांगितलीय तुम्ही. बोटांना धाप लागते वाटतं त्याच्या!

हसतोय मी, हसू द्या. ताई मात्र तुमचा शब्द न् शब्द खरा मानायची. मागच्या शेऱ्यातही श्वासच म्हटलात, की लागली लांब सूर धरायला, खोकत खोकत — मी म्हणायचो, अगं पड जरा, तर मलाच म्हणे, 'बाईंनी ऐकलंय म्हणून लिहिलंय, उगाच कोण लिहील?' उगाच कोण लिहील! म्हणजे, मी तुम्हाला दोष देत नाहीये. देतोय. नाही — जाऊ दे, ते राहू दे.

हा माझा मोबाइल. आजारात, गादीवर बसून म्हटलंय तिनं, माझ्याकडून रेकॉर्ड करून घेतलं. म्हणाली, 'कडव्याच्या शेवटी काहीतरी निसटतंय, बाईंना ऐकव आणि नेमकं काय ते लिहून आण.' मला काय कळतंय त्यातलं? मला सगळंच चांगलं वाटतं — म्हणून तर तुमच्या दारात आलो, नाहीतर कशाला आलो असतो? एकच ओळ लिहा, पण तिची लिहा. चूक असली तर चूक लिहा, आईला मी वाचून दाखवीन —

अहो, पेन काय उचलताय? अजून लावलंय कुठं मी? ठेवा ते खाली. हं. ऐका आता.

बाई... रडू नका हो. ताईचा आवाज ऐकू येत नाहीये.