न्यायचं का पोचवायचं

(सांगली. मार्केट यार्डामागची एकखणी खोली. १९९७ सालची दिवाळी तोंडावर आली आहे. दुपारची मालिका चालू आहे.)

हरणाबाई : बोल की गं बाई! समोर उभा हाय तो, बोल की! तोंडात काय गुळाचा खडा धरलाय का?

वैजू : आई, तिला ऐकू जात नाही.

हरणाबाई : त्याला तरी कुठं ऐकू जातंय? नुसती एकमेकाकडं बघत्यात. पदर उडतोय, पानं पडत्यात. सोमवारपासनं पानंच पडायला लागल्यात त्या झाडाची. आता बघ, ही तोंड उघडणार आन् दाराची घंटी वाजणार.

वैजू : वाजली.

हरणाबाई : सांगितलं नव्हतं? मागच्या खेपेला फोन वाजला. त्याच्या आदी सासूला चक्कर आली. आन् ती बंगल्यातली मालिका, तिच्यातबी ह्येच. त्यानं तिला भावाबरोबर बघितलं, ह्याला वाटलं दुसराच कोण. "ह्यो माझा भाऊ" एवढं म्हणायला तिनं उन्हाळा घालवला.

वैजू : मग त्याचा अपघात झाला.

हरणाबाई : आन् डोक्याला मार लागून सगळं इसरला. बायकोला इसरला, गाडी कशी चालवायची ते बरं आठवत हुतं!

वैजू : मग सोड ना बघायचं.

हरणाबाई : सोडू कशी? एकीला तरी येळेवर बोललेली बघते, मग सोडते.

आप्पासो : आवाज बारीक करा जरा. यार्डातनं येताना तुजाच आवाज ऐकत आलो.

हरणाबाई : आलासा? हात धुवा, वाढते. वैजू, तू जरा आत जा.

वैजू : आई, एकच खोली आहे. आत कुठं जाऊ?

हरणाबाई : मग ऐक. तुजंच हाय. आवं, सकाळी शेजारची बायडाबाई आलती. तिची भण रहिमतपुरात, आपल्या वैजूच्या सासरच्याच आळीला. पंचमीला म्हायेरी गेलेली सून दसरा झाला तरी माघारी न्हाई, म्हणून तिकडं बोलायला लागल्यात. अमृतच्या आईनं कोरेगावकडची एक पोरगी बघून ठेवलीया म्हणं.

वैजू : बघून ठेवलीय म्हणजे?

आप्पासो : ठेवू दे. बघू दे. माजी पोरगी काय रस्त्यावर पडली न्हाई. पंचमी झाली की जावयानं न्यायला यायचं. माजा बा माज्या आईला न्यायला आलता, मी तुज्या आईला न्यायला आलतो. आमच्यात असंच हाय.

हरणाबाई : आन् गेल्या पंचमीला आलते की अमृत आपणहून! आवंदाच काय झालं?

वैजू : गेल्या वर्षी ते हळद घेऊन आले होते, आई. टेम्पो रिकामा परत चालला होता. "जातोच आहे तर चल," म्हणले.

हरणाबाई : म्हंजे न्यायला नव्हते आले? मी पुरणपोळी केली हुती गं!

वैजू : गाडीत सारखं विचारत होते, आज पुरणपोळी कशासाठी केली होती म्हणून.

आप्पासो : मग तिकडची रीत काय?

वैजू : तिकडं माहेरचं माणूस पोचवायला येतं. जाऊबाईंना त्यांचा भाऊ घेऊन आला होता, धपाट्यांची शिदोरी बांधून. ती घरात सगळ्यांना वाटली, शेजारी दिली. पोचवायला कुणी आलंच नाही, की माहेरानं पोरगी ठेवून घेतली असं समजतात.

आप्पासो : आन् ह्ये तू आज सांगतीस?

हरणाबाई : थांबा तुमी. वैजू, तुला पंचमीपासनं म्हाईत हुतं?

वैजू : हो.

हरणाबाई : आन् मी त्या टीव्हीतलीला शिव्या देत बसलीया! माज्या मांडीला मांडी लावून बसलेली पोरगी तसलीच निघाली. अगं, का गप ऱ्हायलीस?

वैजू : मला वाटलं...

हरणाबाई : गेली लाईट! हिच्या मायला, आत्ताच जायची हुती. टीव्हीतली काय बोलणार ते आता कळायचं न्हाई. तू बोल. हितं घंटी न्हाई का फोन न्हाई, मधी कोण येत न्हाई.

वैजू : हसाल तुम्ही.

आप्पासो : हसायचं काय उरलंय? बोल.

वैजू : मला वाटलं, एकदा तरी माझ्यासाठी म्हणून यावं त्यांनी. टेम्पो रिकामा आहे म्हणून नाही. नुसतं माझ्यासाठी. मालिकेतल्या त्या बाईला मी तुझ्याबरोबर हसते गं, पण तो तिच्या दारात येऊन उभा राहतो ना, तेव्हा मी हसत नाही. रोज दुपारी तिकडची एस्टी यायची वेळ झाली, की मी तोंड धुऊन, वेणी घालून बसते. तुला वाटतं मालिकेसाठी आवरते.

हरणाबाई : आगं माजे बाई. मला वाटायचं, टीव्ही बघायला कशाला लागते गं पावडर?

आप्पासो : आलता तो.

हरणाबाई : कोण?

आप्पासो : अमृत. दसऱ्याच्या आदी. राहिलेली हळद घेऊन सौद्याला.

वैजू : यार्डात? आप्पा, इथनं हाक मारली तर ऐकू येतंय तिथं!

आप्पासो : ढिगाच्या त्या अंगाला तो, ह्या अंगाला मी. तोलाईदार मीच हुतो. त्याची पोती माज्याच काट्यावर आली.

हरणाबाई : मग काय बोललासा?

आप्पासो : काय बोलायचं? वजन सांगितलं.

हरणाबाई : वजन सांगितलं!

आप्पासो : त्यानं तरी रामराम घातला का? आदी जावयानं घालायचा का सासऱ्यानं? थांबला हुता तसा. पोती उचलून झाली तरी थांबला हुता, टोपी काढून झटकत. मी म्हणलं, थांबलाय म्हंजे मागनं येतोय घरला. मी पुढं आलो. दारात उभा ऱ्हायलो घटकाभर.

वैजू : न बोलावता कसे येतील? "घरी चला" म्हटल्याशिवाय सासुरवाडीची पायरी चढत नाहीत ते; गेल्या वर्षीही तुम्ही यार्डातनं बोलावलंत तेव्हाच आले. तुमच्या हाकेचीच वाट बघत असतील.

आप्पासो : आता एकेक काढाय लागलीस तू.

हरणाबाई : तिला काय म्हणता? तुमची हयात गेली त्या सौद्यात. रुमालाखाली बोटं दाबायची आन् भाव ठरवायचा, तोंडातनं अक्षर काढायचं न्हाई. यार्डात चालतं ते. पोरीचा संसार काय बोटं दाबून हुतोय?

आप्पासो : म्हंजे चूक माजी. मी आमची रीत सांभाळली ती चूक.

हरणाबाई : तुमी मला न्यायला का येत हुता, सांगा बरं?

आप्पासो : रीत म्हणून.

हरणाबाई : रीत कशानं पडली? तवा आपली मेंढरं हुती. मेंढरांचा वाडा आज हितं बसला तर उद्या तिसऱ्याच गावच्या शिवारात. थंडीत तर पार कोकणाकडं उतरलेला. माज्या बानं मला पोचवायचं म्हणलं असतं, तर कुठल्या रानात नेऊन पोचवलं असतं? वाडा कुठं बसलाय ते तुमाला एकट्याला ठावं. म्हणून तुमी यायचा.

आप्पासो : ...व्हय. बाला तर कवा कवा फुडचं गावबी सांगता यायचं न्हाई.

हरणाबाई : मी सकाळपासनं माळावर जाऊन उभी ऱ्हायची. खांद्यावर घोंगडं टाकलेला माणूस लांबनं ठिपक्याएवढा दिसला, की वळखायची. चाल वळखायची मी ह्येंची. लय बरं वाटायचं वैजू, खोटं कशाला बोलू? अजून डोळं मिटलं की दिसतंय. तुलाबी तसं वाटावं ह्यात तुजं काय चुकलं न्हाई. पर मेंढरं इकून आमाला सांगलीत येऊन किती वरसं झाली! आन् अमृतचं घर तर पणज्यापासनं एका जागंला, चिंचंखाली. ते कुठं हलतंय?

आप्पासो : मी नेऊन सोडली आन् पोरगी जड झाली म्हणले तर?

वैजू : तिकडं तसं म्हणत नाहीत, आप्पा.

आप्पासो : मग शिदोरी काय लागती म्हणलीस?

वैजू : धपाटी. पण आप्पा, कोरेगावची खरंच ठरली असेल तर?

हरणाबाई : बायडाबाईची भण सुताचं घोंगडं करती. ठरली नसंल.

वैजू : ठरली असेल तर, आई?

आप्पासो : तर मी बोलीन.

वैजू : तुम्ही?

आप्पासो : व्हय. अमृतशी, त्याच्या आईशी. यार्डात गप बसलो तेबी सांगीन. तोंडानं.

वैजू : म्हणजे ते काही आता येणार नाहीत.

हरणाबाई : न्हाई गं बाळा. तू वाट बघतीस ह्ये त्येला कुणी सांगितलंय? तिकडं बसून तोबी म्हणत असंल, आज तरी पोचवतील.

वैजू : असतील म्हणत. नसतीलही.

हरणाबाई : ते तर जाऊनच कळंल. अगं, लाईट आली! बघ बघ, बोलली का ती?

वैजू : संपली मालिका. बातम्या लागल्यात.

हरणाबाई : बघ, म्हंजे परत ऱ्हायलं! उद्या दुपारी कळंल.

वैजू : मला सांग मग. मी नसेन ना उद्या. ज्वारीचं पीठ कुठल्या डब्यात आहे?

हरणाबाई : खालच्या. तू बस, मी मळते.

वैजू : नको. मी करते.

आप्पासो : वैजू, रहिमतपूरला सकाळची गाडी कितीला सुटती गं?

वैजू : मला तिकडनं येणाऱ्या गाड्यांच्याच वेळा माहीत आहेत, आप्पा.