पत्ता बदलला, कळवायचं राहिलं

कोडवर फार भरवसा ठेवता ना तुम्ही, म्हणून सांगतो. आमची कंपनी शेतकऱ्यांना बाजार बंदचे मेसेज पाठवते. आमचे सर्व्हर ज्या महागड्या गेटवेतून इंटरनेटवर जायचे, तो काढून मी कोड लिहून त्याजागी स्वस्तातलं छोटं मशीन लावलं. आमची सुनीता म्हणाली, "सर, आपला इंटरनेटवरचा आयपी पत्ता बदलला. आपले मेसेज शेतकऱ्यांपर्यंत पोचवणाऱ्या कंपनीला कळवा, नाहीतर अनोळखी पत्ता म्हणून ते आपले मेसेज घेणार नाहीत."

"उद्या कळवतो."

दुसऱ्याच दिवशी, मी कळवायच्या आधीच, धुळ्याचं मार्केट अचानक बंद. साक्रीचे एक आबा मेथीचा टेम्पो घेऊन थेट ऑफिसवर आले. "भाऊ, मेसेज उना नही, म्हनीसन निंघनू."

मेथी पार सुकली होती. मी माफी मागायला पुढे झालो, तर तेच माझी समजूत घालायला लागले, "मशीन शे भाऊ, चुकनं व्हई."

आणि मी म्हणालो, "हो आबा, मशीनच चुकलं."