होम, प्रो आणि मावशींचा फोन

दादा, तुझं ते 'आपण घरचीच माणसं, आपल्या संगणकांना होम पुरे' मी तीन वर्षं ऐकतोय. गेल्या रविवारीही तेच, आणि वर 'पैसे तू देणार आहेस का?' म्हणून फोन ठेवलास. आज तुला फोन ठेवता यायचा नाही. माझं लिहिलेलं वहिनी माईकवरून वाचतेय आणि तू स्टेजवर बसला आहेस. वहिनी, हे वाक्य गाळू नकोस.

असो. रीत सोडून सुरुवात झाली, आता रीतीने बोलतो. आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या रस्त्यावरचे डोळ्यांचे डॉक्टर. व्यासपीठावर विराजमान माझे थोरले बंधू, म्हणजे आपल्या चष्म्याच्या दुकानाचे मालक. मागच्या खोलीत काचा कापणारे आपले मिस्त्री. ज्यांच्या निरोपासाठी आपण जमलो त्या आपल्या सर्वांच्या नंबरमावशी. आणि समोर बसलेल्या, बहुतेक मावशींनीच निवडून दिलेल्या फ्रेमा घातलेल्या बंधूंनो आणि भगिनींनो, तुम्हा सर्वांना माझा दुरून नमस्कार.

मावशींविषयी मी काय सांगावं? सव्वीस वर्षं त्या काउंटरवर उभ्या राहिल्या. माणूस दारातून आत आला की नावाआधी त्याचा नंबर त्यांना आठवायचा. 'या, मायनस सव्वातीन,' म्हणायच्या. एका गृहस्थांना त्यांनी तोंडावर सांगितलं, 'ही फ्रेम घेऊ नका, यात तुम्ही तुमच्या सासऱ्यांसारखे दिसता.' गृहस्थांनी दुसरी घेतली, तीही महागाची. असं कौतुक मी आणखी दोन पानं करीन. पण मावशी, खरं सांगतो, कौतुकात माझं मन लागत नाहीये. परवा तुम्ही लेकीकडे परदेशी जाताय आणि उद्या संध्याकाळी तुमचा फोन नंबर बंद होतोय, हेच सारखं डोक्यात फिरतंय.

मंडळींना वाटेल, मावशींच्या फोनचा आणि चष्म्याच्या दुकानाचा काय संबंध?

दुकानात तीन संगणक आहेत. एक काउंटरवर, एक डोळे तपासायच्या खोलीत, एक मिस्त्रींच्या काच कापायच्या यंत्राजवळ. तीन वर्षांपूर्वी ते घेतले तेव्हा विकणाऱ्याने विचारलं, 'आत सिस्टीम कुठली टाकू? होम की प्रो?' होम घरच्या वापराची, स्वस्त. प्रो धंद्याची, महाग. दादा म्हणाला होम. मी वाद घातला, पण प्रो का हवं हे मलाच सांगता येईना. आठवीत शाळा सोडलेला मी. 'प्रो म्हणजे भारी' एवढंच माझं ज्ञान. हरलो. त्यात त्याच दुपारी मला नव्या कामावर जायला गाडी गाठायची होती. माझा पाय घरात कधी टिकलाय? खांद्यावर पिशवी अडकवूनच मी ते तीन संगणक सुरू केले. पडद्यावर प्रश्न आला: खातं कुणाचं, फोन नंबर काय? दादा बाहेर हमालांशी हुज्जत घालत होता. समोर मावशी होत्या. म्हटलं, 'मावशी, तुमचा नंबर सांगा पटकन, गाडी चुकेल.' त्यांनी सांगितला. तिन्ही संगणक मावशींच्या खाजगी खात्याला बांधून मी निघून गेलो.

हे मी आजवर कुणाला बोललो नाही. दादा, तुला वाटतं ती यंत्रंच तशी आली. नाही रे. ते मी केलंय.

पुढे काय झालं ते तुम्ही पाहिलंच आहे. काउंटरवरच्या पडद्यावर गिऱ्हाइकासमोर मावशींच्या नातवाचे बोळक्या तोंडाचे फोटो येऊ लागले. आपण सगळे हसलो. पण यंत्र अडलं की कोड जायचा मावशींच्या फोनवर. मी इथून दुरुस्त करायचं म्हटलं, तर होममध्ये मला थेट आत शिरता येत नाही. तिकडे कुणीतरी बसून कोड टाकायचा, 'हो' दाबायचं. तेही मावशींनीच. जेवत असतील तर ताटावरून उठवलं, तापात असतील तर पांघरुणातून. मागच्या महिन्यात तपासणीच्या खोलीतला संगणक दुरुस्तीहून आला आणि आतल्या माहितीच्या कुलपाची किल्ली मागत बसला. किल्ली म्हणजे अठ्ठेचाळीस आकडे, मावशींच्या खात्यात ठेवलेले. मावशी दवाखान्यात, बहिणीच्या खाटेजवळ. व्हरांड्यात उभ्या राहून त्यांनी आकडे वाचले. मिस्त्रींनी एक चुकवला. 'अहो मिस्त्री, चष्म्याच्या दुकानात आहात ना? मग चष्मा लावा!' मावशी कडाडल्या आणि पुन्हा पहिल्यापासून वाचू लागल्या. दादाने मला हे हसत हसत सांगितलं. मला हसू आलं नाही.

इथे मी कचेऱ्यांच्या छतातून संगणकाच्या तारा ओढतो. तीन वर्षांतलं हे माझं चौथं काम. मागच्या आठवड्यात शिडीवर होतो आणि खाली एका बाईंचा निरोप समारंभ चालला होता. केक कापायच्या आधी तिथल्या माणसाने बाईंचं खातं बंद केलं आणि त्यांच्या जागी येणाऱ्याचं सुरू केलं. पाच मिनिटं. कुणाचं काही अडलं नाही. बाई निवांत केक खात होत्या. मी शिडीवरून खाली उतरलो. म्हटलं, आपल्या मावशी निघतील तेव्हा दुकानाच्या किल्ल्या त्यांच्या पर्समधून परदेशी जाणार. अकरा हजार माणसांचे चष्म्याचे नंबर त्या संगणकांत आहेत. कागदी कार्डं होती ना? ती गेल्या वर्षी रद्दीत घातली. कुणाच्या सांगण्यावरून? माझ्याच.

मग आता तिन्हींना प्रो घ्यायचं का? दादा, इथे तू थोडा बरोबर आहेस, हवं तर टाळी वाजव. मिस्त्रींचा संगणक यंत्राला मापं सांगतो आणि गप्प बसतो. त्याच्यात कुणाचं काही साठत नाही. त्याला होम पुरे. पण काउंटरवर आणि तपासणीच्या खोलीत लोकांची माहिती आहे, तिथे प्रोच पाहिजे. मग मला इथून थेट आत येता येईल, कुणाला ताटावरून उठवावं लागणार नाही. कुलूप दुकानाचं आणि किल्लीही दुकानाच्याच कपाटात. अपडेट कधी घ्यायचं ते आपण ठरवू, शनिवारच्या गर्दीत पडद्यावरचं चक्र बघत गिऱ्हाइकाला पाणी पाजत बसायला नको. पण नुसतं प्रो घेतल्याने माझी चूक निस्तरत नाही. खातं बदलावंच लागेल, आणि तेही मावशींचा फोन चालू आहे तोवरच.

म्हणून अध्यक्ष महाराज, आपल्या परवानगीने एक विनंती. चहा झाला की पुष्पगुच्छ बाजूला ठेवा आणि मावशींना व वहिनीला अर्धा तास दुकानात बसू द्या. वहिनीने दुकानाच्या नावाचं खातं काढायचं, मावशींनी येतील ते कोड सांगायचे, तिन्ही किल्ल्यांचे आकडे कागदावर उतरवून कपाटात ठेवायचे. एकीने लिहायचे, दुसरीने ताडून बघायचे. मिस्त्रींनी फक्त दार धरायचं. झालं की मला एक मिस कॉल द्या. तोवर मी उपाशी राहीन असलं नाटक करत नाही, पण फोन हातातून सोडणार नाही हे खरं.

मावशी, तीन वर्षांत तुम्ही एकदाही 'हे माझ्या गळ्यात कुणी मारलं?' असं विचारलं नाहीत. तुम्ही समोरच होतात, तुम्हाला ठाऊक होतं. दादा माझ्यावर भडकू नये म्हणूनच गप्प राहिलात ना? आता त्याला कळलंय. तुम्ही मोकळ्या व्हा. तिकडे जेवताना तुमचा फोन वाजला, तर तो आकडे मागायला नाही, खुशाली विचारायला वाजलेला असेल.

अध्यक्षांचे, तुम्हा श्रोत्यांचे, आणि माझं अक्षर लावून वाचणाऱ्या वहिनीचे आभार. लिहिण्यात कुठे तोल गेला असेल तर डोळेझाक करा, डोळ्यांचे डॉक्टर समोर असले तरी.

मावशींनी विचारलं होतं, 'येशील ना रे?' मी 'बघतो' म्हटलं. नाही आलो. तिकिटाला म्हणून पैसे बाजूला ठेवले होते, ते दुसरीकडे लागले. दादा, 'पैसे तू देणार आहेस का?' असं विचारलं होतंस ना? दोन संगणकांच्या प्रोचे आज सकाळी वहिनीच्या खात्यात टाकलेत: एकोणीस हजार दोनशे.