सासूबाईंना इंग्रजी कार्ड

अहो कसला अभ्यास घेता! तुम्हाला सांगतो, त्या लीलाधर मास्तरांना अख्ख्या धुळ्यात दुसरा बाप नाही सापडला? मलाच धरून म्हणाले, "अण्णा, मंजुळाचं इंग्रजी व्याकरण कच्चं आहे. घरी वाचून घ्या, लिहून घ्या!" मी जिनिंगात कापूस तोलणारा माणूस, माझं इंग्रजी सहीपुरतं, मी काय डोंबल घेणार? पण पोरगी आठवीत, आणि इकडे आमच्या आईचं एकच पालुपद... "इंग्रजीमा नापास व्हयनी का शाळा बंद, लगीन!" मग घ्यायलाच हवं ना?

बरं, वाचून घेतलं! ती वाचते, मी मान हलवतो... आय गो, मान... ही गोज, मान... मान अवघडली, पण चूक का बरोबर, कुणाला कळतंय! मग लिहून घ्यायचं. मास्तर म्हणाले, "नातेवाइकाला पत्र लिहू द्या." म्हटलं, लिही तुझ्या आजीला, शिरपूरकडे. कार्डभर इंग्रजी लिहिलं पोरीनं, मीच छाती फुगवून पेटीत टाकलं. घरी लिहून घ्या म्हणे!

चौथ्या दिवशी सकाळी गल्लीच्या तोंडाशी ही रडारड! बघतो तर आमच्या सासूबाई धुरपदाबाई, मेहुणा सुपडू आणि मागे अर्धं गाव! अहो, त्या गावात इंग्रजी अक्षर आजवर आलं ते फक्त तारेतून, आणि तार यायची ती माणूस गेल्यावरच! सुपडूची धाव मराठीपुरती, मग वाचायला थांबतंय कोण? मयताच्या घरी चूल पेटत नाही म्हणून पिठलं-भाकरीसुद्धा बांधून आणलेली! मला दारात पाहून सासूबाईंनी हंबरडाच फोडला, "जवाईबापू, तुम्ही जित्ता शेतस? मंग कोन गयं?"

कोणी नाही हो! शेवटी मंजुळाला उभी केली, कार्ड वाचायला लावलं. ती घडाघडा वाचते आणि मराठीत सांगते, "आजी, आम्ही खुशाल आहोत. तुझी फार आठवण येते." म्हातारीनं डोळ्याला लावलेला पदर निघेचना. मग आमच्या आईकडे वळून म्हणाल्या, "इन्ही शाळा बंद करशात तं याद राखा! आते दर आठवडाले मन्हा नावनं कार्ड धाडा!" आईनं ती पिठलं-भाकरी सोडून सगळ्यांना वाढायला घेतली.

मास्तरांनी कार्ड तपासलं, चुका अकरा! वर पुन्हा तेच, घरी लिहून घ्या! घेतो बाबा, घेतो! दर रविवारी ती इंग्रजीत लिहिते, आणि वरच्या कोपऱ्यात मी मराठीत माझी ओळ घालतो... "सर्व जिवंत आहेत. खाली अभ्यास आहे."