पडद्यामागची नात

आजोबा : इंग्रजीचं सगळं साम्राज्य तीन शब्दांवर उभं आहे! प्लीज, सॉरी, थँक्यू. हे तीन ज्याला नेमके वापरता आले, त्याला जगातलं कुठलंही दार बंद नाही.

आजी : मग त्या दाराच्या पडद्यामागून नातीला बाहेर काढून दाखवा. काल परदेशातून आल्यापासून तिथेच बसलीय. आई खरेदीला गेली तरी हलली नाही.

आजोबा : येईल गं.

आजी : कधी? उद्या विमान तिचं. मला तिची भाषा येत नाही, तिला आपली. एकदा जवळ यावी, एवढंच... पहाटे स्वप्नात मी तिच्याशी फाडफाड इंग्रजी बोलत होते.

आजोबा : काय बोललीस?

आजी : ते कळलं असतं तर जागेपणी नसते बोलले? तुम्हीही होतात.

आजोबा : चुका काढत?

आजी : गप्प. म्हणून तर स्वप्न म्हणते.

आजोबा : हे बघ, पहिल्या भेटीत 'हाऊ डू यू डू' म्हणायचं. उत्तराची अपेक्षा नसते. समोरच्यानेही उलट तेच विचारायचं.

आजी : दोघांनी विचारायचं, सांगायचं कुणीच नाही. आपल्या व्याह्यांसारखं.

आजोबा : 'एक्सक्यूज मी' त्रास देण्याआधी. 'सॉरी' त्रास दिल्यावर.

आजी : या घरात कुणी कुणाला म्हटलंय सॉरी?

आजोबा : मी म्हटलंय की. टेबलाला. ठेच लागली तेव्हा.

आजी : अहो, पडदा हलला.

आजोबा : वारा असेल. 'थँक्यू' म्हटल्यावर 'यू आर वेलकम'...

आजी : वळू नका. बोलत राहा, त्याच सुरात. उन्हाच्या पट्ट्यातून येतेय, पाय न वाजवता.

आजोबा : ...'नो प्रॉब्लेम' हल्ली चालतं. मला चालत नाही. 'गुड ईव्हनिंग' भेटताना, 'गुड नाइट' निघताना...

आजी : टेकली तुमच्या मांडीला.

आजोबा : ...'एनी' नकारात, 'सम' होकारात...

आजी : झोपली.

आजोबा : कुठल्या वाक्याला?

आजी : 'नो प्रॉब्लेम'च्या आसपास डोळे मिटायला लागले.

आजोबा : बरोबर. निवृत्त होईपर्यंत माझा अख्खा वर्ग त्याच सुमाराला झोपायचा.

आजी : तुमचं बोट धरलंय बघा. घट्ट.

आजोबा : तुला हवी होती ना जवळ? घे उचलून.

आजी : नको. जागी होईल. मी इथूनच बघते.

(उन्हाचा पट्टा सरकत आजोबांच्या पायांपर्यंत येतो.)

आजोबा : अगं...

आजी : काय हो? भरून आलं?

आजोबा : माझ्या नाकावर माशी बसलीय. तेवढी हाकल ना.