पाडव्याची म्हैस

(शाहूपुरीतलं वकील विद्याश्री यांचं ऑफिस. टेबलासमोर निर्मला आणि तिचा घटस्फोट झालेला नवरा सोमशेखर.)

निर्मला : म्हशीच्या अंगावर केस भादरून स्वतःचं नाव काढलंय, आणि वर म्हणत्यात म्हस माझी न्हाय.

सोमशेखर : माझी न्हाय असं कुठं म्हणालो? कोर्टाला सांगण्यासारखी न्हाय म्हणालो.

विद्याश्री : सोमशेखर, घटस्फोटाच्या वेळी तुम्ही शपथेवर लिहून दिलंत की दुकान आणि मोटारसायकल एवढंच तुमच्या नावावर आहे. आता हा फोटो बघा.

सोमशेखर : बघतोय की. शिंगं झ्याक रंगवल्यात.

विद्याश्री : दिवाळी पाडव्याला म्हशी सजवून रस्त्यातनं पळवतात, त्यात ही म्हैस तुमच्या मोटारसायकलीमागं धावत होती. तिच्या मागोमाग निर्मलाताई उचगावात पोचल्या. तिथं गोठा, शेजारी दोन खोल्या. जागा तुमची, आणि खरेदी लग्न टिकून होतं तेव्हाची.

निर्मला : आणि गाडीचा सायलेन्सर काढलेला. आख्खी पेठ वळून बघत हुती. लपवायचं हुतं तर घरात बसायचं.

सोमशेखर : पाडव्याला म्हस दावणीला बांधून ठिवू? मग पाळायची कशाला?

विद्याश्री : लपवलेली मालमत्ता सापडली की तडजोड पुन्हा उघडायला अर्ज करता येतो. अर्ज तयार आहे. तुम्ही आपणहून काही देणार असाल तर आत्ताच बोला.

सोमशेखर : म्हस घेऊन जा म्हणावं. जीव तुटंल माझा, पण घेऊन जा.

निर्मला : म्हस घेऊन कुठं जाऊ? घरमालक म्हणतोय खोली रिकामी कर, पोराचं लगीन हाय. लोकांचे डबे करते मी. शेगडी काय म्हशीच्या पाठीवर मांडू? न्हायतर भावाच्या दारात नेसरीला जायचं, वहिनीची तोंडं बघत. मला त्या दोन खोल्या पायजेत.

विद्याश्री : मला एक कळत नाही. बायकोपासून गोठा लपवायचं कारण काय?

सोमशेखर : लग्नाच्या बैठकीतच हिनं सांगितलेलं, दारात जनावर दिसलं तर लगीन मोडलं.

निर्मला : मग? शेणातनं सुटका व्हावी म्हणून तर शहरातलं स्थळ बघितलं.

सोमशेखर : मी व्हय म्हणालो. लई कळ काढली, वकीलबाई. मग जनावरांच्या एका बाजारात ही चंद्री दिसली.

निर्मला : तवापासनं दर गुरुवारी नृसिंहवाडी. देवाला जातो म्हणायचं आणि परत यायचं ते चंदनाच्या साबणाचा वास मारत. विचारलं तर म्हणं, संगमावर बुडी मारली. कृष्णेच्या पाण्याला चंदनाचा वास कधीपासनं?

सोमशेखर : शेणाचा वास मग कसा घालवू?

निर्मला : मला वाटलं, बाई ठेवलीया.

विद्याश्री : आणि तुम्ही नाही म्हणाला नाहीत?

सोमशेखर : न्हाय म्हटलं असतं तर कुठं जातो ते सांगाय लागलं असतं. बाई म्हटलं की लोक समजून घेत्यात. तालमीत तर दोघांनी चहा पाजला. म्हशीपायी बायकोला फसवलं म्हटल्यावर कुणी दारात उभं केलं असतं?

निर्मला : आरशासमोर उभी राहून रडलीया मी, त्या बाईत असं काय असंल म्हणून. रंगानं उजळ असंल, केस लांब असतील...

सोमशेखर : केस लांब न्हाईत. भादरतो आम्ही.

विद्याश्री : माफ करा. ठसका लागला.

निर्मला : हसा वकीलबाई, हसा. मी पण उचगावात गोठ्याच्या दारात उभी राहून हसलेच. मग तिथंच खाली बसले.

सोमशेखर : निर्मला, घे खोल्या. तुझ्या नावावर करतो. लिवा वकीलबाई.

विद्याश्री : नक्की? सही केल्यावर मागं फिरता येणार नाही.

सोमशेखर : नक्की. पण हिला सांगून ठेवतो, गोठ्याची आन् खोलीची भिंत एकच हाय. पहाटंपासनं मी तिथं धारा काढणार, शेण भरणार. वास ईल. मागनं तक्रार नको.

निर्मला : शेणाचा येऊ दे. तो साबण तेवढा आणू नका.