युनिफॉर्ममध्ये झोपलेली परी

हसू नका, पण सकाळची धावपळ वाचावी म्हणून मी परवा माझ्या पाच वर्षांच्या परीला शाळेच्या युनिफॉर्ममध्येच झोपवलं. आमचं घर कुडव्याला, माझी नोकरी पार दूर अर्जुनी मोरगावला. सकाळी परीच्या शाळेच्या ऑटोवाल्याचा हॉर्न वाजला तरी मी दचकून हातातला डबा पाडते.

सासूबाईंनी टोकलंच, "काऊन वं, पोरीले असं कायले झोपवून राहिली?"

"दहा मिनिटं वाचतात, आई."

सकाळी डबा भरून खोलीत गेले, तर परी नुसत्या शमीजवर बसलेली आणि युनिफॉर्म बाथरूमच्या बादलीत बुडवलेला! दुसरा अजून वाळला नव्हता. मी किंचाळलेच, "अगं, हे काय केलंस?"

"शाळा झाली ना! मी झोपून उठली की आजी रोज भिजवायलाच लावते."

म्हणजे दुपारी शाळेतून आली की ही युनिफॉर्मवरच झोपते. मला कधी कळणार? मी येते तेव्हा दिवे लागलेले असतात.

बाहेर हॉर्न वाजला. "मॅडम, जल्दी!"

मी रडकुंडीला आले. "बेटा, शाळेत जायचंय. आत्ता सकाळ आहे."

तिचा चेहरा एकदम उतरला.

"मग तू आज कामावरून लवकर नाही आली?"